पिशीचे दात आणि पंच्याऐंशीची लेन्स

“चुकीच्या लेन्समधून माणसाचा चेहरा बघणं हा त्या माणसाचा अपमान आहे,” असं प्रद्योत कुंडू एकदा म्हणाला होता. तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याची बॅग होती. आत मऊ कप्पे, पावसासाठी वेगळं टोपडं, पोटाला बांधायचा पट्टा. ती बॅग तो क्लबात घेऊन यायचा आणि सगळा वेळ मांडीवर ठेवून बसायचा. आत मुढीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, डबा असे.

आमचा क्लब चंदननगरात, नदीकाठच्या स्ट्रँडच्या मागच्या गल्लीत, होमिओपॅथीच्या दवाखान्यावर आहे. पाटीवर ‘आलोकचित्र संसद’ असं लिहिलंय. भिंतभर सभासदांनी काढलेले फोटो. सुरकुतलेले म्हातारे, धुरातून उतरणारी उन्हाची तिरीप, घाटावरून उडणारी कबुतरं. म्हातारा दरवेळी वेगळा, सुरकुत्या त्याच. तिथे फोटोंबद्दल कुणी बोलत नाही. ते आधीच भिंतीवर आहेत, म्हणून असेल. लेन्सबद्दल बोलतात.

“पहिली लेन्स म्हणजे पहिलं लग्न,” क्लबाचे चिटणीस बिमान पालित प्रद्योतला सांगायचे. “घाई करू नकोस.”

“फरक एवढाच, की दुसरं लगेच करता येतं,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, आणि मातीच्या कपातला चहा हिंदकळेपर्यंत सगळे हसायचे. प्रद्योत हसायचा नाही. तो मान डोलवायचा.

मी या क्लबाचा सभासद आणि कुंडूंच्या तळमजल्यावरचा भाडेकरू. त्यामुळे हा माणूस मला दोन्हीकडून दिसला. जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून, चाळिशीला टेकलेला, लग्न न झालेला. घरात त्याला टुबाई म्हणत. म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, त्याची पिशी, म्हणजे वडिलांची बहीण, बेला. आईबाप लवकर गेले. हिनं शाळेत शिवणकाम शिकवून त्याला वाढवलं.

लेन्स निवडणं हे त्याचं खरं आयुष्य होतं. भात कालवताना तो समोर मोबाइल उभा करायचा. त्यात कुणी परदेशी गृहस्थ विटांच्या भिंतीचा फोटो काढून दाखवायचा आणि कोपऱ्यातल्या विटा कशा धूसर झाल्या ते सांगायचा. त्या विटा प्रद्योतला पाठ होत्या. समोर ताट वाढणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा रंग त्याला विचारला असता तर सांगता आला असता की नाही, मला शंका आहे.

शेवटी त्यानं कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याबरोबर एक साधी लेन्स येते, जिच्यावर जगातले निम्मे लोक शिकतात. तिला तो ‘खुळखुळा’ म्हणाला आणि डब्यातून बाहेरही काढली नाही. मग पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, लेन्स आली. तिनं त्यानं स्ट्रँडवरच्या बाकाचे फोटो काढले, रिकाम्या बाकाचे, कारण बाक हलत नाही. मग त्याच्या वाचनात आलं की पन्नासच्या लेन्सनं जवळून चेहरा काढला तर नाक किंचित पुढे येतं. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीची हवी. तिच्यासाठी जरा लांब उभं राहावं लागतं, पण चेहरा जसा आहे तसा येतो. तो महिनाभर अस्वस्थ होता. एका नाकाचाही फोटो त्यानं अजून काढला नव्हता.

ज्या नाकाची त्याला काळजी होती ते पिशीचं.

बेला पिशीचे पुढचे दात मोठे होते, मधे फट, ओठाबाहेर डोकावणारे. तरुणपणी बघायला आलेली माणसं जलभरा संदेशाची मिठाई खाऊन गेली आणि उत्तर पाठवायचं विसरली. पुढच्या वेळी बापानं बजावलं, ‘तोंड मिटून बस, शांत दिसतेस.’ तेव्हापासूनच्या सगळ्या फोटोंत, शाळेच्या, भावाच्या लग्नाच्या, टुबाईच्या मुखेभाताच्या, म्हणजे उष्टावणाच्या, ती तोंड मिटून बसलेली आहे. खोलीला कुलूप असावं तशी. एकदा तिनं मला ते फोटो दाखवले होते. “बघा सुबोधबाबू, घरातल्या घरात मी किती वर्षं कुणाच्या तेराव्याला आल्यासारखी बसलेय.”

आता सत्तरी ओलांडल्यावर हिरड्या सडल्या. दात हलू लागले, पू येऊ लागला. कलकत्त्याहून आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर म्हणाला, पुढचे सगळे काढावे लागतील. पिशी घरी आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून भाच्याला म्हणाली, “टुबाई, माझा एक फोटो काढ. हसताना. दात दिसतील असा.”

“काढू की.”

“ज्या दातांपायी मला कुणी नेलं नाही, ते जायच्या आधी एकदा मोकळे बसू देत.”

आयुष्यात तिनं या मुलाजवळ काही मागितलं असेल तर एवढंच. आणि त्यानं काय करावं? त्यानं डॉक्टरची तारीख पुढे ढकलायला लावली. पंच्याऐंशीची लेन्स अजून यायची होती.

“पन्नासच्यानं काढ,” मी त्याला जिन्यात गाठून म्हणालो.

“सुबोधदा, तुम्ही तरी असं बोलू नका. हा फोटो आयुष्यात एकदा निघणार.”

“म्हणूनच म्हणतोय.”

“म्हणूनच नाही,” तो म्हणाला आणि वर गेला.

त्या आठवड्यात पिशीचा गाल सुजला. डॉक्टर चिडला. आता पुढे ढकललं तर दुसरा डॉक्टर शोधा, असं त्यानं सांगून टाकलं. नवी तारीख पडली ती सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवसाची. पूजेच्या आदल्या दिवशी लेन्स आली. मला वाटलं, चला, सुटलो. पण प्रद्योतनं ती कॅमेऱ्याला लावूनही पाहिली नाही. तिचा पहिला फोटो देवीच्या आशीर्वादानंतरच, म्हणाला.

पूजेच्या दिवशी पोरं आपली पुस्तकं सरस्वतीच्या पायाशी ठेवतात, गाणाऱ्या बायका हार्मोनियम ठेवतात. एकदा ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दधिकर्मा, म्हणजे देवीला दहीपोह्यांचा निरोपाचा नैवेद्य, होईपर्यंत हात लावायचा नाही. पोरं या नियमावर फार प्रेम करतात. दिवसभर अभ्यास नाही. आमचे सभासद क्लबातल्या देवीपाशी कॅमेरे ठेवतात, आणि मला वाटतं त्यांनाही त्या दिवशी तितकंच सुटल्यासारखं होतं. प्रद्योतनं कॅमेरा ठेवला, पन्नासची ठेवली, पंच्याऐंशीची ठेवली, डब्यातला खुळखुळाही ठेवला. देवीपासून काही मागे ठेवू नये म्हणाला. शेजारी बिमानदांचा तिपाई स्टँड होता, त्याला झेंडूची माळ.

दुपारी खिचुडीची पंगत बसायच्या वेळेला जिन्यात काठीचा आवाज आला. बेला पिशी वर आली. वासंती रंगाची साडी, केस नीट विंचरलेले, कपाळाला चंदन. गालाची सूज ओसरली होती. धाप लागलेली, तरी चेहरा उजळ. मी तिला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती, आणि खोलीतल्या फोटोकारांपैकी एकानंही मान वर करून पाहिलं नाही.

“कुठाय तुझा कॅमेरा?” तिनं विचारलं.

“देवीपाशी,” प्रद्योत म्हणाला.

“मग उचल. मी तयार होऊन आलेय.”

“पिशी, आज कसा उचलणार?”

“विळी ठेवली असतीस देवीपाशी, तर आज भोपळा दातांनी फोडला असतास?”

पंगतीत हसू फुटलं. बिमानदा पुढे आले. “मासिमा, नियम आहे. गेल्या साली एकानं मधेच उचलला, तर त्याच्या लेन्सला बुरशी लागली.”

“नदीकाठी माणसांना बुरशी लागते बिमान, तुम्ही लेन्सचं काय सांगता.”

मी खिशातून मोबाइल काढला. “पिशी, इकडे बघा. हसा.”

तिनं झटकन पदर नाकावर घेतला. “नको हो सुबोधबाबू. मोबाइलमध्ये नाक मोठं येतं. टुबाई सांगतो.”

टुबाईनं डोळे मिटून मान हलवली, रोग्यानं आपली आज्ञा पाळल्यावर वैद्य हलवतो तशी. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जी तृप्ती होती ती मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्याच्या ज्ञानावर पूर्ण विश्वास ठेवणारं एक माणूस त्याला मिळालं होतं. त्या माणसाचं तेवढ्यानं जे व्हायचं ते झालं.

“उद्या सकाळी दधिकर्मा झाला की धावत येतो,” तो म्हणाला. “तू डॉक्टरकडे निघायच्या आत.”

“भटजी यायला हवा ना वेळेवर,” पिशी म्हणाली आणि खिचुडी न खाताच खाली उतरली. दात दुखत होते.

भटजी वेळेवर आला. या दिवसांत भटजीला रस्त्यात अडवून, सायकलवर बसवून पळवून न्यावं लागतं, आणि आमच्याकडे तर तो नेहमी सर्वांत शेवटी येतो. या वेळी उजाडता उजाडता आला. देवीनं आपल्या बाजूनं काही कमी केलं नाही, हे नोंदवून ठेवतो. दहीपोह्यांचा नैवेद्य झाला, पोरांनी बेलपानांवर देवीचं नाव लिहिलं, आणि प्रद्योत कॅमेरा घेऊन खरोखरच धावत घरी आला.

मी कुंडूंकडे वरच होतो. डॉक्टरकडे पिशीबरोबर मी जाणार होतो. ती कालच्याच साडीत खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. सकाळचं ऊन गल्लीतल्या पांढऱ्या भिंतीवर पडून मऊ होऊन आत येत होतं. लहान मुलालाही कळलं असतं की आता फक्त बटण दाबायचं.

प्रद्योतनं पंच्याऐंशीची लावली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, “थोडी मागे सरक.”

“मागे भिंत आहे रे.”

तो स्वतः मागे सरकला. पाठ कपाटाला टेकली. तरी चेहरा मावेना. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला, तर चौकटीत पातेली येऊ लागली. पातेली हलवली, तर पाण्याचा पिंप. मग खुर्ची व्हरांड्यात नेली. तिथे माझी लुंगी वाळत होती. मी ती ओढून काढली. तर ऊन डोळ्यांत. खुर्ची पुन्हा आत आली. दरवेळी तो म्हणायचा, “हं, हस,” आणि पिशी हसायची. दात उघडे टाकून, डोळे बारीक करून, आत कुठेतरी खूप दिवस कोंडलेलं हसायची. मग तो कॅमेरा खाली घ्यायचा, आणि ते हसू तिथेच धरून ती बसून राहायची. सुरुवातीला ते हसू होतं. थोड्या वेळानं नुसतं उघडं तोंड उरलं.

“पन्नासची लाव,” मी म्हणालो.

“नाक,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“प्रद्योत, नाक उद्याही आहे. दात नाहीत.”

त्याला ते पटलं असावं. त्यानं बॅगेतून पन्नासची काढली. तिच्यावर देवीपुढच्या अबीराचा कण होता. तो धूळ उडवायच्या रबरी फुग्यानं फुंकर मारत बसला. खाली टोटोवाल्यानं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्यानं, भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला.

“टुबाई, दाब ना एकदा. कसाही येऊ दे.”

“एकदाच काढायचा, तर नीट काढू ना पिशी.”

ती काही वेळ त्याच्या हातातल्या फुग्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड मिटलं, काठी घेतली आणि मला म्हणाली, “चला सुबोधबाबू. त्या डॉक्टरला निवडायचं काही नाही. सरसकट काढणार आहे. बरं वाटेल.”

आम्ही परतलो तेव्हा दुपार कलली होती. पिशीच्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. वर जाऊन पाहतो तर खोली ओळखू येईना. प्रद्योतनं एकट्यानं कपाट व्हरांड्यात ओढलं होतं. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली होती. खुर्ची खिडकीपासून हवी तेवढ्या अंतरावर. समोर बिमानदांचा स्टँड, त्यावर कॅमेरा, त्याला पंच्याऐंशीची. उजेडही फिरून तसाच मऊ आला होता. सगळं बरोबर होतं. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. त्या खोलीत तेव्हा काहीच चुकीचं नव्हतं.

पिशीनं ते सगळं पाहिलं. मग काठी भिंतीला लावली आणि खुर्चीत जाऊन बसली. मला वाटलं नव्हतं ती बसेल.

प्रद्योत कॅमेऱ्यामागे वाकला. घसा खाकरून म्हणाला, “तोंड मिटूनच बस पिशी. शांत दिसतेस.”

पिशीनं त्याच्याकडे पाहिलं. नंतर दोन बोटांनी तोंडातला कापूस काढला, पदराच्या टोकात गुंडाळला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. वरच्या हिरडीवर रक्त होतं. ते हसू सकाळच्यासारखं विझलं नाही. ती ते तसंच उघडं धरून बसली, आणि या वेळी तिला कसली घाई नव्हती.

त्याचं बोट बटणावर होतं. चेहरा जसा होता तसा त्याला दिसत असणार, त्या लेन्सचं कामच ते. मी बटणाच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. त्यानं डोळा बाजूला घेतला, लेन्सवर झाकण बसवलं, ते बसलं की नाही हे अंगठ्यानं चाचपलं आणि आमच्या दोघांच्या मधून जिना उतरून गेला.