दाजी मेस्तांची ठेव

विजयदुर्गात पडाव-गलबते बांधणारे दाजी मेस्त भारी तोंडाळ. पण मांगरातल्या, म्हणजे कामाच्या खोपीतल्या, मागच्या कोपऱ्याची कुणी चेष्टा केली की गप्प व्हायचे. तिथे दर्याने परत दिलेल्या वस्तू होत्या. पडाव बुडाला, माणूस आला नाही आणि त्याची एखादी चीज लाटांनी आणून टाकली, तर धन्याआधी तिने घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, ही तिथली रीत. मग न्यायची कुठे? दाजींच्या मांगरात!

आधी त्या पसाऱ्याला नावच नव्हते. नाव दिले जानकीने, पंचावन्न सालच्या वादळानंतर. नवऱ्याची सागवानी पेटी डोक्यावरून घेऊन आली नि म्हणाली, "दाजीनू, ही ठेव म्हणान ठेवा. ते इले काय न्हेतले."

बस्स! तेव्हापासून अख्खा गाव त्या कोपऱ्याला ठेव म्हणू लागला. दर नारळी पुनवेला जानकी यायची, पेटी पुसायची. सासरची माणसे नवऱ्याचे दिवस करायला मागे लागली, तर ठणकावून सांगायची, "पेटी ठेवीत आसा तोवर माका विधवा म्हणा नकात." आणि ऐकायचे बरे का सगळे!

त्रेसष्ट साली मुंबईच्या संग्रहालयाचे एक साहेब आले. कोपरा बघून हरखलेच. "दाजी, हा तर अमूल्य संग्रह आहे!"

उभ्या जन्मात दाजींच्या वाट्याला असा भारदस्त शब्द आला नव्हता. छाती फुगली. "होय साहेब, माझाच संग्रह," ते कचेरीतल्या मराठीत बोलून गेले. पुढच्याच आठवड्यात ट्रक आला. दाजींनी स्वतः पेंढा घालून एकेक वस्तू चढवली. अहो, कुणाला विचारायची शुद्ध होती कुठे त्यांना!

पुनवेला जानकी आली. "पेटी खंय?"

"मुंबैक. मोठ्या संग्रहात. काचेच्या कपाटात ठेवतले, लोक येवन बघतले."

"आणि ते इले तर?"

 साहेबांच्या त्या शब्दात धन्याने परत यायची सोयच नव्हती, हे दाजींना आत्ता उमगले. तसेच उठून मुंबई गाठली, हातापाया पडले. संग्रहात आलेली वस्तू परत जात नाही, असे त्यांना शांतपणे सांगण्यात आले.

परतले तेव्हा जानकीच्या दिराने भटजी बोलावले होते. ठेवीत पेटी नाही, मग तिने अडवायचे तरी कशाच्या बळावर? दाजी अंगणाच्या कडेला उभे राहिले. जानकीचे कपाळ पुसलेले होते. दाजींना बघताच तिने पदर पुढे ओढला, परक्या माणसापुढे ओढावा तसा.