मॅक्रो धावला, पडदा हलला नाही

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे मी संगणक सांभाळत असे. एक्सेलमधला मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, नोंदणी झालेल्या आणि कापणी झालेल्या मळ्यांच्या याद्या ताडून पाही; उरलेल्या मळ्यांत कापणी करणाऱ्या मजुरांची टोळी जाई. एखादा मळा सुटला, तर तिथले घड झाडावरच पिकत. मॅक्रो प्रत्येक नावासाठी दुसरी यादी वरपासून चाळे, पडद्यावर ओळी सरकत राहत आणि टोळी ताटकळे. मी दोन्ही याद्या एकदाच संगणकाच्या मेमरीत घेऊन तिथेच ताडल्या. निकाल क्षणात आला.

"पडदा हललाच नाही. काय तपासलं?" मुनीम नानांनी विचारलं. सरकत्या ओळींवर त्यांचा भरवसा होता.

"कापणीच्या यादीतलं एक नाव खोडा," मी म्हटलं.

त्यांनी मेव्हण्याचं खोडलं. मॅक्रो पुन्हा चालवताच ते उरलेल्यांत दिसलं.

"परत लिही बाबा," नाना हसले, "टोळी रिकाम्या मळ्यात गेली तर तो चहासुद्धा पाजणार नाही." मग त्यांनी टोळीला निघायला सांगितलं.