डावी बाजू भिंतीकडे

आमची मावशी कुठल्याही खोलीत शिरली की आधी भिंत शोधायची. डावी बाजू भिंतीला लावूनच बसायची, आणि रांगेत उभं राहावं लागलं तर डाव्या कुशीवर पिशवी घट्ट धरायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. त्याची परतफेड म्हणून मी मैत्रिणींना तिच्या तिरक्या चालीची नक्कल करून दाखवायची. सगळ्या पोट धरधरून हसायच्या.

कपड्यांच्या कारखान्यात ती काजं करायची. शेजारीपाजारी तिला टाकामावशी म्हणत, कारण कुणाची उसवलेली बाही दिसली की हिचे हात शिवशिवायचे. तिच्या स्वतःच्या लोकरी कोटाला मात्र डाव्या कुशीत तळहाताएवढं भोक होतं. मी विचारलं, की म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पिशवीखाली कोण बघतंय?" तसाच तिनं तो अकरा हिवाळे वापरला.

मी शिकले आणि वस्तुसंग्रहालयात कपड्यांच्या विभागात लागले. डाग कशाचा, भोक किडीचं की झिजेचं, हे ओळखायचं आणि शेजारची पाटी लिहायची, हे माझं काम. माझी नजर पक्की आहे असं आमच्या मॅडम म्हणायच्या. मलाही ते मनापासून पटलं होतं.

यंदा मॅडमनी झिजलेल्या कपड्यांचं प्रदर्शन काढलं. "नवेकोरे कपडे दुकानातही दिसतात. मला घामाचे डाग हवेत, विटलेल्या कॉलरी हव्यात. कुणी इस्त्री फिरवली तर याद राखा!"

मला मावशीचा कोट आठवला. मागायला गेले तर ती हरखूनच गेली.

"हा? प्रदर्शनात? मग दोन दिवस दे गं. रफू करून देते. भोक कुठं होतं ते शोधूनही सापडायचं नाही तुला."

"मावशी, हातसुद्धा लावू नकोस! भोकासाठीच तर नेतेय."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. भोक आत जाईल अशी घडी घालून तिनं कोट माझ्या हातात दिला. "एवढं तरी कर. डावी बाजू भिंतीकडे ठेव."

"ठेवते," मी म्हणाले. तेव्हा खरंच ठेवणार होते.

दालनात मॅडमनी पुतळ्यावरचा कोट पाहिला आणि पुतळा गर्रकन फिरवला. "अगं, हीच तर बाजू!" वरून त्यावर दिव्याचा झोतही सोडायला लावला. मी ब्रसुद्धा काढला नाही. वर शहाणपणा केला तो निराळाच. भिंगातून भोकाची विसविशीत कड पाहिली आणि पाटी लिहिली: 'कामगार स्त्रीचा लोकरी कोट. डाव्या बाजूस उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा.'

उद्घाटनाला मावशी नवा कोट घालून आली. पुतळ्यासमोर थबकली, पाटी वाचली आणि मग वळून, कोटाकडे पाठ करून, भोकाच्या नेमकी पुढे उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होती. अर्धा तास झाला तरी जागची हलेना.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "त्या बाई फोटोत येताहेत. तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "बघते मी."

इतक्या सहज निघाला तो शब्द, की माझा मलाच धक्का बसला. मी मावशीजवळ गेले. "जरा बाजूला हो ना. फोटो काढायचेत."

"तू म्हणाली होतीस भिंतीकडे ठेवते म्हणून."

मी पुतळ्यापुढची दोरी उगाच सरळ करू लागले.

"बरं, ते जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "पण उंदीर? आपल्या घरात एक तरी उंदीर दिसला का गं कधी? लोक काय म्हणतील!" दोरीवरून हात घालून तिनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कात्रीची कड आहे ही. वापरून वापरून विसविशीत झाली. तुझ्या शाळेच्या कोटाचं कोपर फाटलं होतं, मुली हसतात म्हणून तू दोन दिवस शाळेत गेली नव्हतीस. रंग जुळणारं कापड एवढंच होतं घरात."

ते कोपर मला आठवलं. ठिगळ इतकं बेमालूम होतं, की कुणाला कधी कळलं नाही. मलाही नाही.

मावशी बाजूला झाली आणि दाराकडे निघाली. अंगावरचा कोट नवाकोरा होता, तरी पिशवी डाव्या कुशीवरच होती. मी तिच्या मागे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली: 'डाव्या बाजूचे कापड कात्रीने कापून घेतलेले.' मॅडमनी वाचलं, भिंग मागवलं, पुन्हा पुन्हा पाहिलं.

"वा! एवढ्या विसविशीत कडेवरून ओळखलंस? काय नजर आहे गं तुझी!"

"हो," मी म्हणाले.