नळीचं एक भेंडोळं

सुमनमावशी गेल्याचा निरोप शेजारच्या फोनवर आला. आई रडायला लागली आणि माझा हात, कोणी न सांगता, शेगडीच्या नळीकडे गेला. त्याला आता काही आठवडे झाले...

मावशी मुलुंडच्या एका छोट्या रबर कारखान्यात केमिस्ट होती. तिथे गॅसच्या नळ्या बनत. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात सिलिकाची पांढरी पूड मिसळतात. ही पूड हवेतलं पाणी ओढून घेते, पण हाताला कोरडीच लागते. म्हणून मावशी प्रत्येक पोत्यातली थोडी पूड वाटीत तोलायची, तापवायची, पुन्हा तोलायची. वजन घटलं तेवढं पाणी. एका पावसाळ्यात ती तापाने घरी होती आणि मालकाच्या घाईपायी उघडी पडलेली पोती न तपासताच वापरली गेली. परतल्यावर तिने तयार नळी चिरून पाहिली, तर रबरात बारीक पोकळ्या. पुडीतल्या पाण्याची वाफ होऊन आतच अडकली होती.

"बाई, वरून झकास दिसतेय. जाऊ दे ना," मालक म्हणाले.

"मग तुमच्या घरी लावा," मावशी म्हणाली.

फोरमन घाबरून म्हणाला, "आता पूड भट्टीत घालून कोरडीठाक करतो, बाई."

"तेही नको. पार सुकली तर रबर पक्कं करणारं रसायनच शोषून बसते. नळी कच्ची राहते. पाणी हवंय, पण बेताचं."

काही माल आधीच घाटकोपरच्या दुकानात गेला होता. त्या दिवशी मी कारखान्याच्याच फाटकावर कामगारांच्या मागण्यांची पत्रकं वाटत होतो. त्यातला प्रत्येक शब्द मला आजही मान्य आहे. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "क्रांती झाली असेल तर रिक्षा थांबव रे."

आम्ही दोघं पोचलो तसा दुकानदाराने माल काढून दिला. एक भेंडोळं मात्र तुकडे करून विकलं गेलं होतं.

"कोणाला?"

"नळी घेणाऱ्याचं नाव कोण विचारतो, ताई?"

परत येताना ती रिक्षात परत मिळालेली नळी वाकवून बोट फिरवत राहिली. ज्याने घाई केली तो मालक निवांत झोपत राहिला आणि जिने चूक पकडली तिची झोप उडाली. हा न्याय मला अजून गिळता येत नाही. त्यानंतर ती कोणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरायची, नळी वाकवून बोट फिरवायची. लग्नघरीसुद्धा.

"मावशी, लोक हसतात गं."

"हसू दे. हसतायत म्हणजे घर शाबूत आहे."

परवा बोरिवलीला मित्राकडे गेलो. त्याच्या बायकोने पाणी आणलं तेव्हा मी ओट्यापाशी वाकलेला.

"काय शोधताय, भाऊजी?"

मी नळी वाकवली, बोट फिरवलं, वास घेतला... ही नव्हती.