जाऊबाईंची दामदुप्पट

कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली वहिनी म्हणते. तापापासून टकलापर्यंत सगळ्यावर त्यांच्याकडे काही ना काही मिळतं. त्यांचं स्वतःचं दुखणं मात्र वरच्या मजल्यावर राहतं: धाकटी जाऊ. धाकटीने तीन वर्षांपूर्वी क्रिप्टोत थोडे पैसे टाकले, त्यांचे बरेच झाले, आणि तिचा नवा सोफा जिना चढला तो वहिनींच्या छातीवरूनच.

परवा दुपारी धाकटी मोबाइल नाचवत दुकानात आली. ती क्रिप्टोची खरेदी-विक्री करते त्या एक्स्चेंजचा वर्धापनदिन होता, अशी जाहिरात आली होती म्हणे. सहाच्या आत आपली क्रिप्टो नाणी त्यांनी दिलेल्या ऑनलाइन पत्त्यावर पाठवायची, तासाभरात दुप्पट परत. ती होती नव्हती तेवढी सगळी पाठवणार होती. वहिनींनी मनात हिशोब केला. आता गाडीच येणार दारात. खात्री केलीस का, असं त्यांनी उगाच विचारलं. केली की, धाकटी म्हणाली. जाहिरातीतल्याच नंबरवर फोन लावला, माणूस फार गोड बोलला. आणि ती वर निघून गेली.

वहिनींचा गोळ्या मोजणारा हात थांबला. औषध बनावट वाटलं, तर त्याच्या खोक्यावरच्या नंबरवर त्या कधीच फोन करत नाहीत. ज्याने खोकं छापलं तोच फोन उचलणार. कंपनीचा नंबर त्या जुन्या बिलावरून काढतात.

खोटं कशाला बोला, त्यानंतरही वहिनी खाली गोळ्याच मोजत राहिल्या. होऊ दे एकदाची बरोबरी. मनातल्या मनात सोफा खाली उतरूही लागला. साडेपाचला मात्र त्या गिऱ्हाईक तसंच सोडून धापा टाकत वर गेल्या.

"पाठवू नकोस. आधी एक्स्चेंजच्या तुझ्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये विचार."

"तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही, वहिनी."

"नाहीच बघवत. सोफा आला तेव्हापासून जळतेय मी. पण तू विचार."

एवढी रोखठोक कबुली ऐकून धाकटी गांगरली. तिने मुकाट्याने अ‍ॅप उघडून विचारलं. उत्तर आलं: अशी योजना नाही; बक्षिसासाठी आधी नाणी पाठवायला आम्ही कधीच सांगत नाही; खरी सवलत तुमच्या खात्यातच दिसेल. बघितलं तर तिथे एक होती. महिनाभर व्यवहारांवर निम्मं शुल्क, फक्त जुन्या ग्राहकांना.

धाकटीने वहिनींचा हात घट्ट धरला.

वहिनी खाली आल्या, तेच अ‍ॅप घेतलं, आणि नव्यांना काही मिळतंय का ते शोधलं. काही नव्हतं. सवलत धाकटीलाच, आणि तीही आपण सांगितलं म्हणून सापडली. संध्याकाळभर त्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे सुटे पैसे भांडल्यासारखे मागत होत्या.