पेटीला हात लावू नये

महाडमध्ये मी नक्की काय काम करते हे वडिलांखेरीज कुणी कधी विचारलं नाही, आणि वडिलांना तरी ते कितपत कळलं याची मला शंकाच आहे. नातेवाइकांच्या लेखी मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता बदलून द्यायचा, कुणाचा प्रिंटर का रुसला ते बघायचं, आणि कुणाच्या तरी भाच्याला पुण्यात चिकटवून द्यायचं. पुण्यातली नोकरी मीच सोडून आलेय, हे चारदा सांगूनही कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

खरं काम असं आहे. सी भाषेतला कुठलाही प्रोग्रॅम घ्या, त्याला काही कामं रोजच लागतात. आकडे वाचायचे, मजकूर इकडून तिकडे नकलायचा, वेळ विचारायची, मेमरीतली थोडी जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. प्रत्येकानं ती नव्यानं लिहीत बसू नये म्हणून ती एकदाच लिहून ठेवलेली असतात. त्या साठ्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. मोठ्या कॉम्प्युटरवरच्या लायब्रऱ्या अगडबंब असतात आणि त्या लिहिणारे लोकही तसेच, कशालाही नाही न म्हणणारे. मी सांभाळते ती हलकी. नखाएवढ्या चिपवर बसते. लग्नातला एक फोटो जेवढी जागा खातो, तेवढ्यात माझ्या लायब्ररीच्या शंभर प्रती मावतील.

ती मुळात परदेशातल्या एका माणसानं सुरू केली, तो कंटाळला आणि माझ्याकडे आली. आली तेव्हा चांगलीच सुटलेली होती. मी दोन वर्षं बसून तिची चरबी उतरवली. जी ओळ कशासाठी आहे ते मला पटलं नाही, ती मी काढली. त्यात मेमरी परत घेणाऱ्या भागातल्या अकरा ओळी होत्या. परत आलेला तुकडा शेजारच्या रिकाम्या तुकड्याला जोडून सलग करायचा, एवढंच त्या करायच्या. माझ्या मते ती फाजील टापटीप होती. जागा परत आली ना, मग ती जोडलेली आहे की सुटी, याच्याशी कुणाला काय देणंघेणं?

लायब्ररी वापरणाऱ्यांच्या, सगळ्यांना दिसेल अशा ईमेलच्या टपाल-यादीवर एकानं विचारलं होतं की हे महिनाभर न थांबता चालवून पाहिलंय का. मी त्याला चांगलं झाडलं. लिहिलं की माझ्या टेबलावर ही लायब्ररी चालवून बघण्यासाठी ठेवलेला चिपचा बोर्ड तीन वर्षं चालू आहे, तुमचा किती चालतो ते सांगा. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे कबूल करते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना आहे, त्याच्या मालकानं माझी लायब्ररी घेऊन पाणीपुरवठ्याची पेटी बनवली. टाकीतलं पाणी उतरलं की पेटी मोटर सुरू करते, टाकी भरली की बंद करते, आणि दर वेळी कुणाकुणाला एसेमेस पाठवते. पहिली पेटी बसली पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरून आत गेलं की लागणाऱ्या एका वाडीत. विहीर खाली ओढ्याशी, टाकी वर वाडीच्या डोक्यावर. माझी लायब्ररी तोवर परदेशातल्या लोकांच्या कसल्या कसल्या यंत्रांत होती म्हणे, पण मी ती कुठे चालताना पाहिली नव्हती. म्हणून हौसेनं गेले.

तिथला पाणीवाला साठीच्या पुढचा. मुलं मुंबईला, घरी तो आणि बायको. पंपाच्या खोलीची चावी त्याच्या करगोट्याला असायची आणि वाडीत त्याला जो काही मान होता तो त्या चावीचा होता. कुणाकडे बारसं असलं की आदल्या दिवशी त्याला सांगायला माणूस यायचा, पाणी जरा जास्त सोडा म्हणून. माझे वडील तरुणपणी त्या वाडीच्या शाळेवर मास्तर होते. गुरुजींची मुलगी म्हटल्यावर त्यानं मला लगेच बाय म्हणायला सुरुवात केली आणि ताक आणून दिलं.

मग मी पाहिलं की संध्याकाळी टाकी भरल्यावर हा गृहस्थ भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतो. पेटीसकट सगळं बंद. सकाळी पुन्हा वर. रोज. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाला, पूर्वी एकदा वीज पडून मोटर गेली होती, तेव्हापासूनची सवय. आणि वर, “मशीन झालं म्हणून काय झालं, बाय, त्याला बी विसावा लागतो.”

कारखान्याचा मालक माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले, तोंड न लपवता. तिथे पाच-सात माणसं उभी होती. मी त्याला समजावून सांगितलं की ही पेटी म्हणजे बैल नाही. माझा बोर्ड तीन वर्षं विसाव्यावाचून चालू आहे, हेही सांगून झालं. त्यानं मान हलवली. पण त्या मान हलवण्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी मालकाला पेटीत बॅटरी बसवायला लावली. आता यानं कितीही स्विच ओढला तरी पेटी बंद पडणार नव्हती. आणि जाड मार्करनं पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावलं: पेटीला व स्विचला हात लावू नये. त्याला वाचता येत होतं, वडिलांनीच शिकवलं होतं. तरी मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तीन आठवड्यांनी पेटी अडकली. एप्रिल संपत आला होता आणि विहिरीला तसंही जेमतेम पाणी होतं. मोटर सुरू झाली ती थांबेना. टाकी भरून वाहिली, विहीर तळाला गेली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. बायका पुन्हा खालच्या झऱ्यावर हंडे घेऊन जायला लागल्या, जाऊन-येऊन दीड तास.

पाणी समितीची बैठक शाळेच्या पडवीत झाली. मालकानं पेटी आधीच काढून कारखान्यात नेऊन तपासली होती. नेण्यासाठी बॅटरीची तार सोडली, तिथे नेऊन जोडली, तर पेटी ठणठणीत. दोन दिवस चालवली, काही दोष नाही. मग दोष कुणाचा उरला? मला लेखी मत द्यायला सांगितलं आणि मी दिलं. स्वच्छ, मुद्देसूद मराठीत लिहिलं की सांगूनही वारंवार स्विच ओढल्यामुळे यंत्रणेत बिघाड संभवतो. ‘संभवतो’ हा शब्द मी सावधपणे वापरला होता. वाचताना तो कुणीच ऐकला नाही, आणि ऐकला जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा तो उभा राहिला. म्हणाला, मोटर अवेळी चाललेली त्याला दिसली होती. पण हात लावायचा नाही असं लिहिलेलं, म्हणून तो कारखान्याला फोन लावायला वर खिंडीत गेला, कारण वाडीत हातातल्या फोनला रेंज नाही, ती फक्त टाकीवर उभारलेल्या पेटीच्या अँटेनाला मिळते. फोन लागेपर्यंत तास गेला.

“मी हात नाय लावला,” तो म्हणाला. “हात नाय लावला म्हणून तर जळली.”

पडवी हसली. मीही हसले. कसलं बिनडोक निमित्त शोधलंय, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. समितीनं त्याचं काम काढून एका सभासदाच्या पुतण्याकडे दिलं. म्हाताऱ्यानं तिथेच करगोट्याची चावी सोडली. गाठ जुनी होती, लवकर सुटेना, आणि सगळे बसून त्याच्याकडे बघत राहिले.

मे महिन्यात वडिलांना उकाडा सोसेना म्हणून आम्ही घरात इन्व्हर्टर घेतला. माझं टेबलही त्यावर आलं. काही दिवसांनी टेबलावरचा बोर्ड बंद पडला. त्याचा दिवा लागलेला, पण काही विचारलं तर उत्तर नाही. तार काढून जोडली, पुन्हा ठणठणीत. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी चिडून तो तसाच चालू ठेवला आणि मेमरीच्या नोंदी काढत राहिले. विसाव्या दिवशी पुन्हा तेच.

नोंदी वाचायला अर्धा तासही लागला नाही. एकूण रिकामी जागा भरपूर होती, पण सगळी तुकड्या-तुकड्यांत. विहिरीच्या दोराचे हात-हातभर तुकडे करून ठेवावेत, लांबी मोजली तर पुरेशी भरते, पण बादली काही पाण्याला टेकत नाही, तसं. वाडीच्या पेटीतही हेच झालं असणार: मोटर सुरू करून प्रोग्रॅमनं एसेमेस लिहायला जागा मागितली, तेवढी सलग जागा कुठेच नव्हती, आणि तो तिथेच थिजला, मोटर बंद करायला उरलाच नाही. माझ्या त्या अकरा ओळी असत्या तर तुकडे जोडले गेले असते.

आणि तीन वर्षं? तीन वर्षं महाडची लाईट रोज जात होती. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. लाईट गेली की बोर्ड बंद, आली की नव्यानं सुरू, मेमरी कोरी करकरीत. मी जगाला तोंड वर करून सांगत होते ते तीन वर्षांचं चालणं म्हणजे एकेका दिवसाचं हजार वेळा चालणं होतं. यादीवर विचारणाऱ्या त्या परदेशी माणसाला हे कळणं शक्य नव्हतं, त्याच्याकडे लाईट जातच नसेल. पण मी तर त्या अंधारात मेणबत्ती शोधत हिंडले होते, महावितरणला शिव्या दिल्या होत्या, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही. असला गाढवपणा करायला महाडमध्ये राहून सी लिहावं लागतं.

मग तो मेन स्विच आठवला. म्हातारा रोज संध्याकाळी जे करत होता त्यानंच पेटी जिवंत राहत होती. ते मी त्याला हसून, बॅटरी लावून आणि पुठ्ठ्यावर लिहून बंद पाडलं होतं.

अकरा ओळी परत घातल्या. यादीवर इंग्रजीत कबुली लिहिली: चूक माझी, कारण असं, दुरुस्ती अशी. ते लिहायला मला तासही लागला नाही. लोकांनी वाहवा केली, इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे वगैरे. ज्याला मी झाडलं होतं त्यानंही आभार मानले. इंग्रजीतला प्रामाणिकपणा मला फुकट पडतो. ती सगळी माणसं माझ्या आयुष्यात कधी समोर यायची नाहीत. मी त्या कौतुकाचा दोन दिवस चहासारखा घोट घोट आस्वाद घेतला. मराठीतला तो कागद मात्र समितीच्या फायलीत तसाच होता, आणि वाडीत जायला मला बारा दिवस लागले. एकदा पाहुणे आले, एकदा डोकं दुखत होतं. कारणं मला लगेच सुचतात.

गेले तेव्हा तो शेतात बांधाचे ढासळलेले दगड रचत होता. आसपास कुणी नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तुमची काही चूक नव्हती, चूक माझ्या लिहिण्यात होती, तुम्ही स्विच ओढत होता तेच बरोबर होतं. सांगताना मी हात जोडले आणि ते जोडले याचं मला आतून समाधानही वाटलं, इतकी मी वाईट आहे. आता हा म्हणेल, जाऊ दे बाय, होतं असं. आणि मी मोकळी होऊन चारच्या एसटीनं घरी जाईन.

तो दगड हातात धरूनच ऐकत होता. मग म्हणाला, “मला कशाला सांगता, मॅडम? मी हात नाय लावला, हे मला ठाऊकच हाय.”

मॅडम म्हणाला. दगड बसवला, दुसरा उचलला, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पोलादपूरला उतरून कागद घेतला. स्टँडवरच्या हॉटेलात बसून चार ओळी लिहिल्या आणि त्याला संध्याकाळ झाली, कारण प्रत्येक वेळी ‘संभवतो’ कुठून तरी आत शिरत होता. पुढच्या बैठकीत मी तो कागद पडवीत उभी राहून वाचला. म्हातारा आला नव्हता. बायका ऐकत होत्या, पुरुष मोबाईल बघत होते. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, बरं झालं, एवढं कळलं ते, पण पोरगा आता कामाला रुळलाय, त्याला कशाला हलवायचं. पुढचा विषय पाइपच्या गळतीचा होता.

लायब्ररी आता महिनोन्‌महिने न थांबता चालते. चावी पुतण्याकडेच आहे.