जर्मन भांड्याचं झाकण

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गिरणीतल्या एका साहेबाचा बंगला रिकामा होत होता. तिथं जुन्या सामानाच्या ढिगात मला चिनीमातीचं एक उंच भांडं मिळालं. कान असलेलं, अंगावर रंगीत शिपाई, परक्या लिपीतली अक्षरं आणि वर बिजागरीचं झाकण. झाकण सुरीनं ओरखडून पाहिलं. कथील होतं. आमच्या धंद्यात धातू वेगळा काढून वजनावर विकायची रीत. पक्कडीनं झाकण उपटलं, कल्हईवाल्याला दिलं आणि उरलेलं भांडं तासभर घासाघीस करून शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराच्या गळ्यात मारलं.

त्याचं दुकान वडिलांनी थाटून दिलेलं. मी हातगाडी ढकलून वर आलो. तरी गिऱ्हाईक त्याला 'काका' म्हणायचं आणि मला 'ए भंगारवाले'.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. भांडं उन्हाकडं धरलं. "आत बघा की, मालक."

पांढऱ्या तळातून उजेड आला आणि तिथं चित्र उमटलं. एक शिपाई बाईचा निरोप घेत होता.

"जर्मनीचं हाय. बिअर प्यायचं. नोकरी संपली की शिपाई असं करून घ्यायचे. हे त्याचं नाव, ही पलटण. मुंबईचं गिऱ्हाईक येतंय उद्या. पण झाकण कुटं गेलं? त्याच्याबिगर निम्मी किंमत बी न्हाय."

"काल का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं व्हय? तुमी तर ताजव्यानं बघणारी माणसं!"

डोकं सणकलं. तसाच कल्हईवाल्याकडं पळालो. त्याची भट्टी पेटलेली होती. "और थोडा रुकते तो पिगल जाता था, सेठ," तो म्हणाला. दुप्पट भाव देऊन झाकण परत आणलं.

मुंबईचं गिऱ्हाईक आलं तेव्हा शेजारी पहिल्यांदा माझ्या पायरीवर चढला. "बोला, झाकणाचं काय घेता?"

"विकायचं नाही."

तो भाव वाढवत गेला. शेवटचा आकडा माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी मी मान हलवली. त्याचा चेहरा उतरला. तो मी डोळे भरून पाहिला.

गिऱ्हाइकानं बिनझाकणाचं भांडं निम्म्या किमतीत नेलं. जाताना त्यानं खिशातून कागद काढला, पत्ता लिहिला. "असं काही आलं की कळवा, काका." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कागद त्यानं शेजाऱ्याला दिला.